पोर्तोच्या लहानशा टेस्टिंग रूममध्ये जायचं असेल तर काय मागायचं, काय विचारायचं, किती घ्यायचं

आर्वीच्या एका भाऊंनी विचारलं आहे, प्रश्न थोडक्यात सांगतो. लेक पोर्तुगालमध्ये पोर्तोला शिकते, दिवाळीच्या सुट्टीत नवरा-बायको तिच्याकडे चालले. नदीपलीकडे पोर्ट वाईनच्या मोठमोठ्या कंपन्यांच्या टूर आहेत, पण लेकीच्या मैत्रिणीने एका गल्लीतली लहान टेस्टिंग रूम सांगितली, टूर नाही, गाजावाजा नाही, चार टेबलं आणि एक काउंटर. तिथं जावं का, जाऊन मागायचं काय, आपण अनाडी दिसू का, वहिनी बिलकुल घेत नाहीत तर त्यांना अवघड होईल का, आणि एखादी बाटली घरी आणता येते का.

भाऊ, जा. लहान रूममध्येच जा. मी आधी नाशिककडे एका वायनरीची टेस्टिंग रूम सांभाळायचो, मग बरीच वर्षं क्रूझ जहाजावर वाईनचं काउंटर पाहिलं, जहाज पोर्तोच्या बंदराला लागलं की सुट्टीचा वेळ असल्याच खोल्यांमध्ये जायचा. आता वरुडकडे संत्र्याची बाग करून राहिलो, पण हा विषय निघाला की मला राहवत नाही, त्यामुळे उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

मोठ्या कंपनीची टूर वाईट नसते. पिंपांच्या रांगा पाहायला मिळतात, इतिहास सांगतात, शेवटी दोन-तीन ग्लास देतात. पण ग्रुप मोठा असतो, गाइडला पुढचा ग्रुप घ्यायचा असतो, आणि चाखायचा जो खरा भाग आहे तो शेवटच्या पंधरा मिनिटांत उरकतात. पोर्ट समजते ती दोन ग्लास शेजारी शेजारी ठेवून, हळूहळू, ओतणाऱ्याला प्रश्न विचारत. त्यासाठी लहान खोलीच पाहिजे, जिथं ओतणारा माणूस बऱ्याचदा घरचाच असतो किंवा तोडणीला स्वतः बागेत राबलेला असतो. फक्त एक गोष्ट आहे, आणि माझ्या सगळ्या उत्तराचा गाभा तोच आहे: लहान खोलीत गिऱ्हाईक कमी, म्हणून उघडलेली बाटली जास्त दिवस पडून राहू शकते. चांगली लहान खोली आणि साधारण लहान खोली यात फरक तिथंच असतो. म्हणून बसल्या बसल्या, काही मागायच्या आधी, विचारायचं की ही बाटली कधी उघडली. हा प्रश्न अजिबात उद्धट नाही. ज्याला आपल्या वाईनची काळजी आहे तो खूश होतो, कारण विचारणारे फार थोडे असतात. मी स्वतः काउंटरमागे उभा असताना कोणी हे विचारलं की त्या माणसाला मी आपोआप जास्त वेळ द्यायचो.

आता हे का महत्त्वाचं ते कळायला पोर्ट बनते कशी ते थोडं पाहावं लागते. द्राक्षं येतात दोरू नदीच्या खोऱ्यातून, पोर्तोपासून पूर्वेला वर, पापुद्रे सुटणाऱ्या शिस्ट दगडाच्या खड्या उतारावर, एकेक ओळ दगडाची ताल रचून लावलेली. त्या खोऱ्याची हद्द १७५६ साली मार्किस द पोम्बालने आखून दिली, जगात इतक्या जुन्या आखलेल्या वाईनच्या हद्दी मोजक्याच आहेत. तोडणी झाली की द्राक्षं तुडवतात, काही ठिकाणी अजूनही ग्रॅनाइटच्या उथळ हौदात माणसं पायांनीच तुडवतात, त्या हौदाला लागार म्हणतात. रस आंबायला लागतो, साखरेचं अल्कोहोल व्हायला लागते, आणि दोन-तीन दिवसांत, साधारण अर्धी साखर शिल्लक असतानाच, त्यात ७७ टक्के ताकदीची द्राक्षाचीच स्पिरिट घालतात, चार भाग रसाला एक भाग या अंदाजाने. यीस्ट मरते, आंबणं जागेवर थांबते, राहिलेली साखर तशीच राहते. म्हणून पोर्ट गोड लागते आणि तरी ताकद १९ ते २२ टक्के. आपल्याकडे मोहाची असते ती पूर्ण आंबवून मग भट्टीवर काढलेली, इथं वाईन स्वतः भट्टीवर चढतच नाही, स्पिरिट बाहेरून येते, एवढा फरक ध्यानात ठेवला तरी पुरे. आणि गोव्याहून लोक जी गोड पोर्ट आणतात तिच्यावरून ह्या वाईनचा अंदाज बांधू नका, नाव सारखं आहे, चव वेगळी.

नवी वाईन मग पूर्वी होड्यांवरून, राबेलो म्हणतात त्यांना, नदीने खाली यायची आणि पोर्तोच्या समोरच्या काठावर व्हिला नोव्हा द गाया इथल्या गोदामांत ठेवायचे, कारण वर खोऱ्यात उन्हाळा भाजून काढतो आणि खाली समुद्राजवळ हवा थंड, दमट. निर्यातीची पोर्ट गायातूनच बाहेर पाठवायची असा नियमच होता, तो १९८६ साली सुटला आणि वरच्या लहान बागायतदारांना थेट स्वतःच्या नावाने माल पाठवता यायला लागला. तुमच्या लेकीची मैत्रीण सांगते तशा लहान खोल्या आज दिसतात त्यामागे हा बदल आहे, आधी ह्या लोकांना आपली वाईन मोठ्या घराण्यांना विकण्यावाचून फारसा रस्ताच नव्हता.

प्रकार भरपूर आहेत पण तुम्हाला दोनच घराणी कळली तरी चालते. एक रूबीचं: कमी दिवस लाकडात, तेही मोठ्या भांड्यात, म्हणून रंग गडद लाल, चव ताज्या काळ्या फळांची. यातच एलबीव्ही, म्हणजे लेट बॉटल्ड व्हिंटेज, येते, ती तोडणीनंतर चार ते सहा वर्षांनी बाटलीत भरतात, आणि व्हिंटेज, म्हणजे एकाच चांगल्या सालची, येते, ती दोन-तीन वर्षांतच भरतात आणि पुढची कित्येक वर्षं बाटलीत पिकते. दुसरं घराणं टॉनीचं: साधारण ५५० लिटरच्या लाकडी पिंपात वर्षानुवर्षं ठेवलेली, लाकडातून हळूहळू हवा लागते, थोडी उडूनही जाते, रंग लालाचा तांबूस होत जातो. बाटलीवर १०, २०, ३०, ४० असे आकडे असतात. २० म्हणजे प्रत्येक थेंब वीस वर्षांचा असं नसते, वेगवेगळ्या वयाच्या वाईन मिसळून त्या वयाचा बाज आणतात आणि पोर्टवर देखरेख करणारी जी सरकारी संस्था आहे, आयव्हीडीपी, तिचं चाखणारं मंडळ ते मान्य करते. एकाच सालच्या द्राक्षांची, कमीत कमी सात वर्षं लाकडात राहिलेली टॉनी असेल तर तिला कोल्येता म्हणतात, तिच्यावर साल लिहिलेलं असते.

आता उघडलेल्या बाटलीचं. टॉनीने हवा आधीच पिंपात खाल्लेली असते, त्यामुळे उघडल्यावर ती महिनाभर, थंड ठेवली तर त्याहूनही जास्त, नीट राहते. रूबी आठ-दहा दिवस. एलबीव्ही चार-पाच दिवस. जुनी व्हिंटेज एक-दोन दिवसांत संपवावी लागते. म्हणजे लहान खोलीत, जिथं गर्दी नाही, तिथं ग्लासवर व्हिंटेज लिहिलेली दिसली आणि बाटली परवा-तेरवा उघडलेली असली तर पैसे घालू नका. टॉनी मात्र त्या खोलीत बिनघोर घ्या. बाटलीच्या तोंडाकडे पाहिलं तरी पुष्कळ कळते: टॉनीला वर काळं टोपण आणि खाली लहान बूच असं हाताने काढता-लावता येणारं झाकण असते, व्हिंटेजला लांब बूच ठोकलेलं असते, ते काढायला स्क्रू लागतो. नीट चालवणारी माणसं बाटलीच्या गळ्याला उघडल्याची तारीख लिहून चिकटवतात. अशी चिकटवलेली तारीख दिसली की ती खोली माझ्या हिशोबाने पास.

मागायचं काय ते सांगतो. पहिल्यांदाच जात असाल तर १० वर्षांची टॉनी आणि २० वर्षांची टॉनी, एकाच कंपनीची, एकाच वेळी, शेजारी शेजारी. बाकी काही नाही घेतलं तरी चालते. तिसरा ग्लास घ्यायचा झालाच तर कोल्येता घ्या किंवा अगदी सुरुवातीला ड्राय व्हाइट पोर्ट, म्हणजे पांढऱ्या द्राक्षांची कमी गोड, घ्या, तोंड मोकळं होते. ४० वर्षांच्या मागे पहिल्या भेटीत लागू नका, एका ग्लासचे पैसे बाकीच्या सगळ्या ग्लासांच्या वर जाऊ शकतात आणि १० आणि २० मधला फरक जिभेला कळल्याशिवाय त्यातली गंमत हाती लागत नाही. भाव पाटीवर किंवा कार्डावर लिहिलेले असतात, नसले तर ओतायच्या आधी विचारा, तिथं कोणी वाईट मानत नाही. घाई असली तरी सगळे ग्लास एकदमच भरून मागा, एकामागून एक नको, कारण पहिला संपवून दुसरा घेतला की तुलना आठवणीवर जाते आणि वासाची आठवण फार कच्ची असते.

ग्लास समोर आले की लगेच तोंडाला लावू नका. ट्यूलिपच्या आकाराचे लहान ग्लास असतात, तळाशी अर्ध्याच्याही खाली वाईन. टेबलावर पांढरा कागद असतोच, नसला तर पेपर नॅपकिन घ्या, ग्लास त्यावर तिरपा धरा आणि वाईनची कड पाहा, मधला भाग नाही, कड. दहा वर्षांच्या टॉनीची कड विटकरी लाल दिसते. वीसची कड केशरीकडे गेलेली असते, अंबरसारखी, लाली जवळजवळ निघून गेलेली. आणि खूप जुनी असली तर अगदी काठाला बारीक हिरवट पिवळी झाक दिसते, ती नकली करता येत नाही, ती फक्त वर्षांनीच येते. मग नाक. दहामध्ये सुकं अंजीर, मनुका, थोडं लाकूड. वीसमध्ये भाजलेला बदाम, अक्रोड आणि संत्र्याची वाळलेली साल. ही साल मी उगाच नाही सांगून राहिलो, टॉनीच्या वर्णनात जगभर सांगतात, आणि आपण वरुड-मोर्शी-आर्वीकडची माणसं, साली उन्हात वाळत घातल्या की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जो वास येतो तो आपल्या नाकात लहानपणापासून बसलेला आहे. तिथला ओतणारा माणूस तो शब्द उच्चारायच्या आधी तुम्हीच तो ओळखाल. मग एक लहान घोट, तोंडात सगळीकडे फिरवा, गिळा किंवा टाका, आणि गिळल्यावर किती वेळ चव राहते ते पाहा. वीसची चव दहापेक्षा लांब चालते, तिथंच पैसे वसूल होतात.

एक कळकळीची विनंती, जायच्या आधी खर्रा नको. तंबाखू-सुपारी तोंडात राहिली की दोन तास काहीही चाखण्यात अर्थ नाही, सगळं एकच लागते. सौंफ, पुदिन्याची गोळी, अंगावर जोरदार सेंट किंवा अत्तर, हेही नको, अत्तराने फक्त तुमचंच नाही तर शेजारच्या टेबलाचंही नाक जाते. जायची वेळ सकाळी अकराच्या आसपास, नाश्ता करून. दुपारी जेवणाच्या वेळेला बऱ्याच लहान जागा बंद असतात आणि रविवारीही, म्हणून लेकीला आधी मेल किंवा फोन करायला सांगा, तीन माणसं येतो म्हणून.

टाकण्याबद्दल. टेबलावर एक भांडं दिसेल, ते थुंकायला किंवा ग्लासात उरलेली ओतून द्यायला असते. आपल्याला चारचौघांत थुंकायचं म्हणजे कसंसंच वाटते, पण तिथं तो अपमान नाही, धंद्यातली माणसं रोज तेच करतात, मी जहाजावर दिवसभर तेच करायचो नाहीतर संध्याकाळपर्यंत उभा राहिलो नसतो. आणि का करायचं त्याचा हिशोब पाहा. चार ग्लास, प्रत्येकी ५० मिली, म्हणजे २०० मिली. २० टक्के धरले तर त्यात ४० मिली शुद्ध अल्कोहोल. आपल्याकडच्या ४२.८ टक्के व्हिस्कीचे तीन स्मॉल पेग घेतले तर जवळपास तेवढंच होते. आणि हे तासाभरात, अकरा-बाराच्या सुमारास, गोड असल्यामुळे घशाला काही जाणवत नाही. उठून उभं राहिल्यावर जाणवते, आणि गायातून नदीकडे उतरायच्या गल्ल्या उताराच्या, दगडी, पाऊस पडला की निसरड्या, त्या दिवसांत तिकडे पाऊस असतोच. म्हणून दोन ग्लास, फार तर तीन, आणि मध्ये पाणी. पाणी मागितलं की देतात.

साखरेचंही सांगतो कारण आपल्या वयात घरोघरी गोळ्या सुरू असतात. पोर्टमध्ये लिटरला साधारण १०० ग्रॅम साखर असते, म्हणजे ५० मिलीच्या ग्लासात एक चहाचा चमचा. शुगरची, बीपीची, झोपेची, कुठलीही गोळी सुरू असेल तर निघायच्या आधी आपल्या डॉक्टरांना सरळ विचारा, लाजू नका. प्रवासात पोट बिघडून मेट्रोनिडाझोल घेत असाल तर ती पूर्ण होऊन वर तीन दिवस जाईपर्यंत थेंबही नको.

आता वहिनी. हा प्रश्न तुम्ही विचारला ते मला फार आवडलं कारण बहुतेक लोक बायकोला सोबत नेतात आणि ती बाजूला मोबाईल पाहत बसते. त्या घेत नाहीत ना, मग त्यांना घ्यायला लावू नका, एक घोट घेऊन तर पाहा हेही नको, तिथंही कोणी आग्रह करत नाही, न पिणारं माणूस सोबत असणं तिथं रोजचं आहे. पण त्यांच्यापुढे ग्लास सरकवा आणि फक्त वास घेऊ द्या. स्वयंपाकघरात रोज फोडणीच्या वासावरून मोहरी तडतडली की करपली ते सांगणाऱ्या माणसाचं नाक तयार असते. माझ्या टेस्टिंग रूममध्ये न पिणाऱ्या बाया वासातून जे अचूक सांगायच्या, जायफळ आहे, जुन्या लाकडी कपाटाचा वास आहे, ते त्यांच्या नवऱ्यांना दोन ग्लास पिऊनही सापडायचं नाही. अशा वेळी ओतणारा माणूसही त्यांच्याशीच बोलायला लागतो. खायला बदाम, चीज, डार्क चॉकलेट मिळते. शाकाहारी असाल तर प्लेट मागवताना मांस-मासे नको हे स्पष्ट सांगा, सॉसेज आणि सुकवलेलं डुकराचं मांस चीजसोबत सहज येते. आणि कडक पाळत असाल तर हेही माहीत असू द्या की वाईन नितळ करायला काही ठिकाणी जिलेटिन किंवा अंड्याचा पांढरा भाग वापरतात, तिथं विचारलं की सांगतात.

अनाडी दिसू का, तर नाही, आणि तुमच्याकडे बोलायला जे आहे ते तिथं येणाऱ्या निम्म्या लोकांकडे नसते, तुम्ही शेतीच्या गावचे आहात. विचारा, द्राक्षं घरची की विकत घेतलेली? आणि मग विचारा बेनिफिसियूबद्दल. दोरूमध्ये प्रत्येक बागेला गुण दिलेले आहेत, उंची किती, उतार कसा, तोंड कुठल्या दिशेला, जमीन कशी, वेल किती जुनी, आणि त्यावरून ए ते एफ असा दर्जा. दरवर्षी एकूण पोर्ट किती करायची ते ठरते आणि मग दर्जाप्रमाणे प्रत्येक बागायतदाराला सांगतात की तुझ्या इतक्या रसात स्पिरिट घालायची परवानगी, त्यापुढचा माल साध्या वाईनला द्या. साध्या वाईनच्या द्राक्षांना भाव कमी, पोर्टच्या द्राक्षांना जास्त, त्यामुळे त्या एका कागदावर घर चालते. आपल्याकडे आंबिया बहार असो की मृग, व्यापारी येतो, बागेत एक चक्कर मारतो आणि उभी बाग ठोक मागतो, आपण फळं मोजत बसतो. तिथं दर्जा कागदावर आहे, तरी तिथलाही लहान शेतकरी म्हणतो की खर्च निघत नाही, खड्या तालींवर यंत्र चालत नाही, तोडायला माणसं मिळत नाहीत, तोडणारे म्हातारे झाले. हे बोलणं एकदा सुरू झालं ना की तो माणूस काउंटरमागून बाहेर येऊन तुमच्या टेबलावर बसतो. मला त्या खोऱ्याबद्दल जे काही माहीत आहे त्यातलं बरंच असंच, संत्र्याच्या बदल्यात द्राक्षाची गोष्ट, असं मिळालेलं आहे.

लेकीला पुढे कधी स्पेनमध्ये खेरेसला जायचं झालं तर तिथं याच जातीची पण वेगळ्या रंगाची जागा आहे, ताबांको. जुने साधे गुत्ते, शेरी, म्हणजे तिथली स्पिरिट घातलेली वाईन, सरळ पिंपातून, काही ठिकाणी हिशोब काउंटरच्या लाकडावर खडूने लिहितात. तिथली फिनो नावाची शेरी पोर्टच्या अगदी उलट, कोरडी, गोडी नाहीच, फिकट, साधारण १५ टक्के, पिंपात तिच्यावर यीस्टची साय धरलेली असते म्हणून हवा लागत नाही. पिंपांची रचना अशी की सर्वांत जुन्या पिंपातून थोडीच काढायची आणि तेवढीच त्याच्याहून नव्या पिंपातून भरायची, कोणतंही पिंप कधी रिकामं होत नाही, आपल्या घरच्या विरजणासारखं, कालचं थोडं आजच्यात राहतंच. फिनो थंडगार आणि ताजी प्यायची, उघडली की काही दिवसांत गेली. आणि मदेरा बेटावरची मदेरा असते तिची तर गंमतच वेगळी, ती मुद्दाम उष्णतेत पिकवतात, टाकीत असेल तर ४५ ते ५० अंशांवर निदान तीन महिने, चांगली असेल तर पिंपात वरच्या माळ्यावर वर्षानुवर्षं. पूर्वी जहाजांतून उष्ण प्रदेश फिरून आली की जास्त चांगली लागायची, त्यातून ही रीत आली. एकदा तापून निघाल्यामुळे उघडल्यावरही महिनोन्‌महिने बिघडत नाही.

ह्या उन्हावरून बाटलीच्या प्रश्नावर येतो. भारतात येताना एका मोठ्या माणसाला दोन लिटरपर्यंत दारू किंवा वाईन कस्टम ड्युटीशिवाय आणता येते, म्हणजे ७५० मिलीच्या दोन बाटल्या. हँडबॅगेत चालत नाही, चेक-इन बॅगेत कपड्यांत गुंडाळून ठेवा, नाहीतर विमानतळावरच्या ड्युटी फ्रीमधून सीलबंद पिशवीत घ्या. टॉनी विकत घेताना मागच्या लेबलवर बाटलीत भरल्याचं साल पाहा, टॉनी बाटलीत सुधारत नाही, म्हणून नुकतीच भरलेली बरी. इथपर्यंत सगळं ठीक. पण भाऊ, तुम्ही आर्वीचे. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, वाईनही त्यात आली, परदेशातून बिलासकट आणली म्हणून सुटका नाही. घरी नेऊ नका. गडचिरोलीच्या वाचकांनाही हेच लागू. आणि मुंबईला उतरून समृद्धीने नागपूरला जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवा की वाटेत वर्धा जिल्हा लागतो. नागपूर-अमरावतीच्या लोकांनी आणली तर पिण्याचा परवाना राज्य उत्पादन शुल्ककडून काढून ठेवा, आणि बाटली आलमारीच्या वर किंवा देवघरामागच्या खोलीत ठेवून एप्रिल-मे काढायचा विचार करू नका, आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, स्लॅबच्या घरात पोर्ट शिजून जाते. फ्रिजच्या खालच्या कप्प्यात उभी ठेवा. त्या उन्हाळ्यात टिकेल अशी एक मदेराच.

तुमच्यासाठी मी म्हणेन की एक चांगली २० वर्षांची टॉनी त्या खोलीतून विकत घ्या आणि लेकीच्या फ्रिजमध्ये ठेवा, राहाल तेवढे दिवस जेवणानंतर थोडी थोडी घ्या, उरली तर ती आणि तिच्या मैत्रिणी महिनाभरात संपवतील. शेवटचा चकलीचा डबा उघडाल त्या दिवशी नेलेली चिक्की सोबत घेऊन पाहा, गूळ-शेंगदाणा आणि टॉनी, हे मी जहाजावर पाहुण्यांना मुद्दाम द्यायचो आणि चॉकलेटपेक्षा ते चांगलं जमते असं माझं ठाम मत आहे. घरी काही न्यायचंच असेल तर तिथलं मार्मेलादा घ्या, क्विन्स नावाच्या फळाची वडी असते, वहिनींनाही चालेल.

आणि एखादा दिवस जास्त असेल तर गायावरच थांबू नका, रेल्वेने वर पिन्याओला जा. पोर्तोच्या साओ बेंतो स्टेशनच्या हॉलमधल्या निळ्या टाइल्स पाहायला वेळ ठेवा, मग गाडी, साधारण अडीच तास, जाताना उजव्या हाताच्या खिडकीला बसा कारण नदी त्याच बाजूला आहे. पिन्याओचं स्टेशनही टाइल्सचंच, त्यावर द्राक्षतोडणीची चित्रं. तिथल्या लहान बागांमध्ये आधी ठरवून टेस्टिंग होते. गाडी भाड्याने घेऊन चालवत जायचं मनातही आणू नका, रस्ते वळणाचे आहेत आणि तिथं रक्तातल्या अल्कोहोलची मर्यादा लिटरला अर्धा ग्रॅम आहे, दोन-तीन ग्लास झाले की चालवणाऱ्याची ती ओलांडू शकते. परतीच्या गाड्या मोजक्याच असतात, वेळ आधी पाहून ठेवा आणि टेस्टिंग जेवण झाल्यावरचं घ्या.